कोर्टाची पायरी आणि ईसा टाउन



"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" हे वाक्य आपल्यापैकी ज्याने ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. कोकणात तर बांधावरून भांडण झालं की म्हातारी माणसं आधी हेच सांगायची. त्यांचंही बरोबरच होतं. कोर्टात गेलं की पैसा जातो, वेळ जातो, आणि निकाल लागेपर्यंत भांडणारे दोघेही म्हातारे होतात. पण मला नेहमी एक प्रश्न पडतो. ज्याच्याकडे पैसा आहे, वेळ आहे, तो पायरी न चढण्याचा शहाणपणा करू शकतो. ज्याचा चार महिन्यांचा पगार बुडालाय त्याने काय करायचं? त्याला ती पायरी चढावीच लागते. मग ती पायरी त्याच्या पायाला झेपेल इतकी खाली आणायचं काम कोणाचं?

याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, ईसा टाउनमध्ये मिळालं. म्हणून आज थोडं सविस्तर लिहितो.

मी ठाण्यात वाढलो, मूळ गाव अलिबाग तालुक्यातलं. घरची बरीचशी मंडळी रामले आणि अश्दोदला आली, मी मात्र हिशेबनिसाच्या नोकरीसाठी २०१३ साली बहरीनला गेलो आणि आठ वर्षं तिथेच राहिलो. पुष्कळ जण विचारतात, आपल्यातला माणूस तिथे राहिला कसा? तो वेगळा विषय आहे, पुन्हा कधी तरी. एवढंच सांगतो की तिथे मला सगळे "अलिबागचे काका" म्हणून ओळखत, आणि त्यापलीकडे कुणी फारसं विचारलं नाही.

ईसा टाउन, अरबीत मदीनत ईसा, हे काही जुनं गाव नाही. शेख ईसा बिन सलमान यांच्या कारकिर्दीत साध्या माणसांना परवडतील अशी घरं बांधून हे नवं शहर वसवलं, १९६८ साली ते सुरू झालं आणि त्यांचंच नाव त्याला दिलं. आत शिरताना मोठी वेस लागते. इंडियन स्कूलचा मोठा कॅम्पस इथे आहे, त्यामुळे सकाळ-दुपार गणवेशातली आपली पोरं आणि बसगाड्यांची रांग दिसते. जुना लोकप्रिय बाजार आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात तो आगीत जळाला होता, मी गेलो तेव्हा लोक अजून त्या आगीच्याच गोष्टी सांगत. आणि याच ईसा टाउनमध्ये कामगार मंत्रालयाची इमारत आहे. माझी खोली तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होती. या एका योगायोगाने मी ह्या सगळ्या प्रकरणात पडलो. कारण कागद घेऊन आलेला मराठी माणूस उन्हात उभा राहायचा, आणि कुणी तरी त्याला सांगायचं, "इथे जवळच एक काका राहतात, त्यांना इंग्रजी वाचता येतं."

बहरीनमध्ये तीन लाखांच्या वर भारतीय आहेत. त्यात केरळची माणसं सर्वांत जास्त, त्यांचे संघ-संस्था मजबूत. आपले मराठी कामगार थोडे आणि विखुरलेले. गवंडी, सुतार, वेल्डर, एसीचं काम करणारे. रायगड-रत्नागिरीची मुलं पुष्कळ भेटायची.

अशीच चार जणं २०१६ च्या शेवटी एका शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे आली. त्यांच्यातला मोठा महाडकडचा गवंडी. मी त्याला मिस्त्रीच म्हणायचो, तो मला काका. बरोबरचे तिघे त्याच्याहून लहान. कांदेपोहे केले, चहा झाला, मग मिस्त्रीने सांगायला सुरुवात केली. एका लहान ठेकेदाराकडे ते कामाला. महिना ११० दिनार. तेव्हा एक दिनार म्हणजे साधारण पावणेदोनशे रुपये. चार महिने पगार नाही. ठेकेदार म्हणतो, मला वरून पैसे मिळाले नाहीत, मी कुठून देऊ? साइट बंद पडलेली. पासपोर्ट ठेकेदाराच्या कपाटात. व्हिसा संपायला दीड महिना. आणि महाडला मिस्त्रीची आई आजारी.

"काका, कोर्टात जाऊ का? पण लोक म्हणतात कोर्टात गेलं की कफील चिडतो आणि पळून गेला म्हणून नाव लावतो."

आता जरा कायद्याचं सांगतो, कारण आपल्या वाचकांना ते उपयोगी पडेल. बहरीनमध्ये खासगी नोकरीचा नवा कायदा २०१२ साली आला, त्याचा क्रमांक ३६. त्यात कामगाराच्या बाजूच्या काही गोष्टी स्पष्ट आहेत. कामगाराने दावा लावला तर त्याला कोर्ट फी नाही. लेखी करार नसेल तर कामगार कुठल्याही पुराव्याने आपला हक्क सिद्ध करू शकतो. नोकरी संपल्यापासून एका वर्षाच्या आत दावा लावला पाहिजे, नाही तर तो ऐकला जात नाही. नोकरी सुटताना मिळणारी रक्कमही ठरलेली आहे. पहिली तीन वर्षं दर वर्षाला अर्धा पगार, त्यापुढे दर वर्षाला पूर्ण पगार. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं हेही कायद्याला धरून नाही.

तक्रारीचा रस्ता असा. आधी कामगार मंत्रालयात जायचं, म्हणजे ईसा टाउनला. तिथे दोन्ही बाजूंना बोलावून समेटाचा प्रयत्न होतो. तो फसला तर मनामाला न्याय मंत्रालयात खास कामगारांच्या दाव्यांचं कार्यालय आहे, तिथे. हे नुसतं टपाल घेणारं कार्यालय नव्हे. तिथे न्यायाधीश असतो. तो दोघांचं ऐकतो, कागद गोळा करतो, तडजोड सुचवतो. आणि जमलं नाही तर तयार झालेलं प्रकरण वरच्या दिवाणी कोर्टापुढे ठेवतो. म्हणजे कोर्टाने स्वतःच आपल्या दारापुढे एक ओटा बांधलाय म्हणा ना. आत जाण्याआधी तिथे बसून बोलता येतं.

कागदावर हे सगळं छान आहे. पण प्रत्यक्षात त्या चौघांच्या पायात तीन खोडे होते, आणि मला वाटतं जगात कुठेही गरीब माणसाच्या पायात हेच तीन असतात. वार, भाषा आणि कागद.

पहिला वार. मजुराला सुट्टी शुक्रवारी. सरकारी कचेऱ्या बंद शुक्रवारी आणि शनिवारी. रविवार ते गुरुवार कचेरी सकाळी सातला उघडते आणि दुपारी सव्वादोनपर्यंत बंद होते. नेमका त्याच वेळेत मजूर साइटवर असतो. तक्रार करायची तर खाडा करायला हवा. खाडा केला की पगार कापणार, आणि ज्याचा पगार मुळात मिळतच नाही त्याचा कापणार तरी काय, हा विनोद मिस्त्रीच करायचा. म्हणून भारतीय दूतावासाचा "ओपन हाऊस" महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी भरायचा, याचं मला फार कौतुक वाटे. राजदूत, कॉन्सुलर अधिकारी, दूतावासाच्या यादीवरचे वकील, आणि इंडियन कम्युनिटी रिलीफ फंडचे स्वयंसेवक असे सगळे एका छताखाली. हा फंड १९९९ पासून दूतावासाच्या आश्रयाखाली काम करतो. माणूस मोकळा असतो त्या दिवशी दार उघडं ठेवायचं. केवढी साधी गोष्ट, पण निम्मं काम तिथेच होतं.

दुसरी भाषा. कोर्टाचं काम अरबीत. अर्ज अरबीत, नोटीस अरबीत, निकालही अरबीत. आमच्या मिस्त्रीला मराठी उत्तम, हिंदी कामापुरती, आणि अरबी म्हणजे "बुकरा", "खलास", "यल्ला". कामगार बाजाराचं नियमन करणारी जी सरकारी संस्था आहे, आम्ही तिला एलएमआरए म्हणायचो, तिने कामगारांच्या हक्कांच्या पुस्तिका वेगवेगळ्या भाषांत काढल्या होत्या. मला हिंदीतली मिळाली. ती मी चौघांना मोठ्याने वाचून दाखवली. पासपोर्टचा नियम वाचला तेव्हा सर्वांत धाकटा पोरगा म्हणाला, "म्हणजे काका, चूक त्यांची आहे?" इतके दिवस त्या पोराला वाटत होतं की आपण मागायला जातोय म्हणजे आपलंच काही तरी चुकतंय. हक्काची गोष्ट आपल्याला कळेल अशा भाषेत कानावर पडली की माणसाची मान कशी वर होते, ते मी त्या दिवशी पाहिलं.

तिसरा कागद. ठेकेदाराने करार दिलेला नव्हता, पगाराची पावती नाही. पण मिस्त्रीजवळ एक वही होती. शंभर पानी, शाळेची असते तशी. त्यात पाच वर्षांची हजेरी मराठीत लिहिलेली. तारीख, साइटचं नाव, किती तास, कोण बरोबर होतं, उचल किती घेतली. विटा किती लागल्या तेही कधीकधी. "आमच्या बाबांची सवय होती," तो म्हणाला. मी हिशेबनीस माणूस, आयुष्यभर वह्या पाहिल्या. इतकी चोख वही मी शिकलेल्या लोकांचीही पाहिलेली नाही. पुरावा कुठलाही चालतो असं कायदा म्हणतो ना, मग हा पुरावा. वहीचा गोषवारा मी इंग्रजीत केला, परवानाधारक भाषांतरकाराकडून तो अरबीत झाला, आणि महाडच्या गवंड्याची मराठी वही मनामाच्या न्याय मंत्रालयात जाऊन बसली.

पण त्याआधी ईसा टाउन. मंत्रालयात तक्रार नोंदवली, पोच घेतली. समेटाच्या पहिल्या तारखेला ठेकेदार आला नाही, त्याने मंदूबला पाठवलं. मंदूब म्हणजे कंपनीच्या सरकारी कामांसाठी फिरणारा माणूस. तो गोड बोलला, मुदत मागून गेला. दुसऱ्या तारखेला तोही आला नाही. मध्यंतरी कळलं की चौघे कामावरून गैरहजर आहेत असा अर्ज ठेकेदाराकडून एलएमआरएत गेला आहे. म्हणजे मिस्त्रीची भीती खरी ठरली. असा अर्ज मंजूर झाला की परवाना रद्द, आणि माणूस एका रात्रीत बेकायदा. मग कसला दावा न् कसला पगार!

इथे त्यांना वाचवलं ते एका तारखेने. कामगार मंत्रालयातली तक्रार आधीची होती, गैरहजेरीचा अर्ज नंतरचा. त्या पोचेची प्रत घेऊन चौघे एलएमआरएत गेले, मी बरोबर होतो. आधी तक्रार, मग गैरहजेरी, हे काउंटरवरच्या बाईंच्या लगेच लक्षात आलं. अर्ज थांबला.

त्या दिवशी बसमधून परत येताना माझ्या मनात एकच विचार. समजा, माझी खोली ईसा टाउनला नसती? समजा, पोच जपून ठेवली नसती? पगाराचं एका कचेरीकडे, परवान्याचं दुसरीकडे, राहण्याच्या शिक्क्याचं तिसरीकडे, दाव्याचं चौथीकडे, तिकिटाचं दूतावासाकडे. प्रत्येक जण आपापलं काम करतो, पण माणूस तर एकच आहे. कचेऱ्या एकमेकींशी बोलल्या नाहीत तर त्या गरीब माणसालाच त्यांचा निरोप्या व्हावं लागतं. तीनशे फिल्सची बस, उन्हातली रांग, बुडालेला रोज, हा त्या निरोप्याचा खर्च. आणि एक निरोप हरवला की खटला हरला. म्हणून सरकारी खाती एकत्र काम करतात अशी बातमी वाचली की पुष्कळांना ती कंटाळवाणी वाटते, मला वाटत नाही. एका खात्याने दुसऱ्या खात्याला स्वतःहून कागद पाठवणं म्हणजे कुणा मिस्त्रीचे चार हेलपाटे वाचणं.

पुढे तिथे काही गोष्टी सुधारल्या, त्याही सांगायला हव्यात. माणसांच्या विक्रीला आणि सक्तीच्या कामाला बळी पडलेल्यांसाठी २०१७ साली अशी पद्धत आखली गेली की तक्रार कुठल्याही खात्याकडे आली तरी ती योग्य त्या खात्याकडे पोचावी. २०२१ च्या मे महिन्यापासून पगार बँकेतून देण्याची आणि त्यावर सरकारने नजर ठेवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. बँकेतून पगार म्हणजे पुरावा आपोआप तयार. मिस्त्रीच्या वेळी ही सोय असती तर कदाचित वहीची गरजच पडली नसती.

आता त्या चौघांचं काय झालं ते सांगतो. दावा मनामाला कोर्टाच्या त्या कार्यालयात गेला. न्यायाधीशांनी ठेकेदाराला बोलावलं, या वेळी तो स्वतः आला. कोर्टाचं बोलावणं आणि मंत्रालयाचं बोलावणं यात फरक असतो तो असा. दुभाषा होता. ठेकेदाराने सांगितलं, तीन महिन्यांचा पगार रोख देतो, परतीचं तिकीट देतो, पासपोर्ट आत्ता देतो, प्रकरण इथेच मिटवा.

तिघांची नोकरी दोन-दोन वर्षांची. चार महिन्यांचे ४४० आणि नोकरी सुटल्याचे ११०, असे प्रत्येकी ५५० दिनार त्यांना यायला हवे होते. हातात येणार होते ३३०. त्यांनी सही केली. महिन्याच्या आत घरी गेले.

मिस्त्रीने सही केली नाही. त्याची पाच वर्षं झाली होती. चार महिन्यांचे ४४०, नोकरी सुटल्याचे साडेतीन महिन्यांचे ३८५, मिळून ८२५ दिनार. तो म्हणाला, "काका, वहीत आहे तेवढं पाहिजे. जास्त एक फिल्स नको." पण आई आजारी, थांबणं शक्य नव्हतं. मग मार्ग निघाला मुखत्यारपत्राचा. दूतावासाच्या यादीवरच्या वकिलाच्या नावे त्याने नोटरीपुढे मुखत्यारपत्र करून दिलं, तिकिटाची सोय झाली, आणि तो गेला. दावा त्याच्या मागे चालत राहिला. निकाल त्याच्या बाजूने लागला. त्यानंतर वसुलीचा अर्ज वेगळा, त्याला वेळ लागतोच. पूर्ण रक्कम महाडच्या बँकेत पोचली तेव्हा तो जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. त्याने फोन केला. आई त्याआधीच गेली होती. म्हणाला, "घरावर पत्रे होते काका, आता स्लॅब घालतोय."

शहाणा कोण, ते तिघे की हा एक? मी अनेकदा विचार केला. तिघांनी प्रत्येकी २२० दिनार सोडले, तेव्हाचे अडतीस हजार रुपये. त्यांच्या घरच्यांना पैसे लगेच हवे होते, त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण समेट म्हटला की वाकतो कोण, हे बघायला हवं. ज्याला घाई आहे तो वाकतो, आणि घाई नेहमी गरिबालाच असते. कोर्टाने ओटा बांधला ही चांगली गोष्ट, पण ओट्यावर बसवून माणसाला अर्ध्यावर राजी करायचं आणि प्रकरण निकाली निघालं म्हणायचं, हे खरं नव्हे. मुखत्यारपत्र, वकील आणि वही यांनी मिस्त्रीला घाई न करण्याची सवलत दिली. ती चौघांनाही मिळायला हवी होती.

हेच मी आपल्या मुलखातही पाहिलं आहे. भारतात १९७६ साली घटनेत दुरुस्ती होऊन गरिबांना मोफत कायदेशीर मदतीचं तत्त्व आलं. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. तेव्हापासून जिल्ह्याला आणि तालुक्याला विधी सेवेची कचेरी असते, लोक अदालत भरते, न्यायाधीश आणि वकील गावोगावी जाऊन कायदेविषयक शिबिरं घेतात. लोक अदालत बहुधा शनिवारी-रविवारी भरते, म्हणजे वाराचा खोडा सुटला. काम मराठीत, म्हणजे भाषेचाही सुटला. तिथे मिटलेल्या दाव्याची कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील नसतं. आमच्या चुलत्यांचा बांधाचा वाद असाच अलिबागला लोक अदालतीत मिटला. चुलते इथे इस्रायलमध्ये, शेजारी तिकडे, आणि मध्ये एक मुखत्यारपत्र. कोकणात अजून ज्यांचा जमिनीचा तुकडा आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. एकच काळजी घ्या. अपील नसतं म्हणजे सही करण्याआधी कागद दोनदा वाचा, घाई करू नका.

महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तीही याच वाटेवरची. ग्रामसभेने नेमलेली समिती, तिच्या जोडीला पोलीस आणि महसूल खातं. गावातलं भांडण गावातच मिटावं हा हेतू. तिथेही कसोटी तीच. गावातल्या मोठ्या माणसापुढे लहान माणसाला वाकायला लागलं तर तंटा मिटला म्हणायचं की दाबला?

आणि इथे, आपल्या दाराशी काय आहे? बेअरशेवाला २०१४ पासून "बेत मिशपात केहिलाती", म्हणजे समाजाचं कोर्ट, सुरू झालं. मग रामलेला आणि आणखी शहरांतही. बेअरशेवा आणि रामले म्हणजे आपल्याच वस्तीची शहरं, तरी आपल्यातल्या पुष्कळांना त्याची माहिती नाही. पुन्हापुन्हा छोट्या गुन्ह्यात सापडणारा माणूस, दारूमुळे, व्यसनामुळे, कर्जामुळे, त्याला नुसतं तुरुंगात टाकून काही साधत नाही. म्हणून त्याने गुन्हा कबूल केला की न्यायाधीश, पोलिसांचा वकील, सरकारी बचाव वकील, प्रोबेशनचे लोक आणि समाजकल्याणवाले मिळून त्याच्यासाठी योजना आखतात. उपचार, काम, समाजसेवा. आणि तोच न्यायाधीश त्याला ठरावीक दिवसांनी बोलावून विचारतो, कसं चाललंय? ही कल्पना न्यूयॉर्कहून आली. तिथे ब्रुकलिनच्या रेड हूक भागात २००० साली एका जुन्या शाळेच्या इमारतीत असं कोर्ट उघडलं, जिथे घराचा, घरातल्या माणसांचा आणि गुन्ह्याचा, तिन्ही तऱ्हांचा मामला एकाच न्यायाधीशापुढे येतो. मला त्यात मिस्त्रीच्या चार कचेऱ्या एका छताखाली आलेल्या दिसतात.

हे आज लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. २०२४ च्या एप्रिलपासून भारतातून बांधकाम कामगार इस्रायलमध्ये येऊ लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्यालाही भरतीच्या चाचण्या झाल्या. आपल्या आजी-आजोबांना सांभाळणाऱ्या भारतीय मुली तर त्याआधीपासून आहेत. म्हणजे जे ईसा टाउनमध्ये होतं ते आता आपल्या गल्लीत आहे. फक्त बाजू बदलली आहे. इथे कामगार तेच, आणि कधीकधी मालक आपण.

आता बघा, तेच तीन खोडे. त्यांची सुट्टी बहुतेक शनिवारी, कचेऱ्या बंद शनिवारी. कागद हिब्रूत, त्यांना येते हिंदी किंवा मराठी. आणि पुरावा जपून ठेवायचा असतो हे कुणी सांगितलेलं नसतं. आपल्यापैकी ज्यांना हिब्रू वाचता येते आणि मराठी बोलता येते अशी माणसं या देशात आहेत तरी किती? थोडीच. पण जी आहेत त्यांच्याइतकं हे काम दुसरं कुणी करू शकणार नाही. काव लाओवेद नावाची संस्था १९९१ पासून इथे कामगारांना हक्कांची माहिती आणि मदत देते. तिथला फोन लावून देणं, कागद वाचून दाखवणं, बरोबर जाणं, एवढं तरी आपण करू शकतो. वकील असायची गरज नाही. मी कुठे वकील होतो?

आणि आपल्या घरात कामाला मुलगी असेल तर आधी आपलंच बघा. तिचा पासपोर्ट तिच्याजवळ आहे ना? पगाराचा कागद तिला समजतो ना? सुट्टी मिळते ना? दुसऱ्याच्या कफीलाला नावं ठेवणं सोपं असतं.

बसस्टॉपवर, बाजारात कुणी मराठी पोरगा भेटला तर त्याला चहा पाजा आणि एक गोष्ट जरूर सांगा. शंभर पानी वही घे. रोज रात्री तारीख लिही, जागा लिही, तास लिही. मराठीत लिहिलीस तरी चालेल.

कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये हे ठीक आहे. पण ज्याला चढावीच लागते त्याच्याजवळ ती वही असावी, आणि शेजारी हात धरायला एक माणूस असावा. आपण सगळे कधी ना कधी परक्या देशात नवे होतो, आपल्यालाही कुणी तरी पहिला कागद वाचून दाखवलाच होता.

सर्वांना आरोग्य आणि सुख लाभो.